कोंकोला की कन्सान्शी? झांबियाला निघण्याआधी

कोंकोला आणि कन्सान्शी या झांबियातल्या तांब्याच्या दोन खाणी. कोंकोलाच्या एक टन खनिजात तीस किलोहून जास्त तांबं असतं. कन्सान्शीच्या सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त, दगडात सहा ते आठ किलो. शाळेतल्या गणिताने पाहिलं तर प्रश्न इथेच संपतो, श्रीमंत दगडाच्या खाणीत जावं. प्रत्यक्षात मात्र श्रीमंत दगडाची खाण गेली पंचवीस वर्षं मालक बदलत, कोर्टाच्या पायऱ्या चढत चालली आहे, आणि गरीब दगडाची खाण नवे प्लांट उभारते आहे. हे असं का, ते कळलं की कुठे जायचं ते ठरवणं बरंच सोपं होतं.

लिहायला निमित्त माझा भाचा. सहा वर्षं चंद्रपूरकडे कोळशाच्या ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरून उघडलेल्या खाणीत, मग गोंदियापलीकडच्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत भूमिगत डेव्हलपमेंटच्या, म्हणजे बोगदे काढायच्या, कामावर दीड वर्ष. त्याची झांबियात दोन्हीकडे बोलणी चालू आहेत. फोनवर त्याने विचारलं, "मामा, पगार जवळपास सारखाच आहे. जाऊ कुठे?" माझी स्वतःची झांबियातली वर्षं या दोन्हींपैकी एकीतही गेली नाहीत, मी तिसऱ्याच खाणीत होतो. पण कॉपरबेल्ट, म्हणजे झांबियातला तांब्याच्या खाणींचा पट्टा, हे एक लांबलचक गावच. आज एका खाणीत असलेला फोरमन पुढच्या वर्षी दुसऱ्या खाणीत भेटतो, आणि कोणाच्या पंपाला काय झालं ते रविवारी क्लबात सगळ्यांना माहीत असतं.

आधी पाणी

कोंकोला आहे चिलिलाबोम्ब्वे गावात, काँगोच्या सीमेला चिकटून. गावाच्या नावाचा अर्थ सांगतात तो असा, बेडूक डरांव करतो ती जागा. इंग्रजांच्या काळात गावाचं आणि खाणीचं नाव बॅन्क्रॉफ्ट होतं, ऑस्टेन बॅन्क्रॉफ्ट या कॅनडाच्या भूगर्भशास्त्रज्ञावरून. जुनं नाव साहेबाचं आणि आताचं बेडकाचं. माझ्या मते बेडकाला खाण जास्त कळली होती. १९५७ साली उत्पादन सुरू झालं, १९५८ मध्ये भाव पडले म्हणून खाण बंद झाली आणि १९५९ मध्ये पुन्हा उघडली. पुढचं सगळं त्या पहिल्या दोन वर्षांतच दिसलं होतं.

जगातल्या सगळ्यात ओल्या खाणींत कोंकोलाचं नाव घेतात. खनिजाच्या थराच्या वरही पाणी धरणारे खडक आहेत आणि खालीही. रोज तीन ते साडेतीन लाख घनमीटर पाणी उपसून काफुए नदीच्या खोऱ्यात सोडावं लागतं. माणशी १३५ लिटर हा आपल्याकडचा शहरी निकष लावला, तर हे बावीस लाखांहून जास्त माणसांचं रोजचं पाणी झालं. तांबं निघो वा न निघो, भाव चढो वा उतरो, पंप चालू ठेवावेच लागतात. श्रीमंत दगडाची कमाई कुठे जाते, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं भेसळीत. कागदावरचे तीन टक्के स्किपमधून, म्हणजे खनिज वर ओढणाऱ्या बादलीतून, वर येईपर्यंत कमी होतात, कारण वरच्या बाजूचा कच्चा दगड स्टोपमध्ये, म्हणजे खनिज काढलेल्या पोकळीत, सुटतो आणि खनिजासोबत तोही वर काढावा लागतो.

एकदा पाहुणा म्हणून मी तिथे खाली गेलो होतो. केज, म्हणजे खाली नेणारा पाळणा, थांबली, दार उघडलं आणि आधी आवाज आला, पावसाळ्यात धरणाच्या सांडव्याजवळ येतो तसला. ड्राइव्हच्या, म्हणजे आडव्या बोगद्याच्या, कडेने कालव्यासारखं पाणी धावत होतं, बऱ्यापैकी स्वच्छ आणि कोमट. पंप चेंबरमध्ये बोलणं हातवाऱ्यांनीच. सोबतच्या शिफ्टबॉसने भिंतीवरच्या एका गेजकडे बोट केलं आणि मग गळ्यापाशी आडवा हात धरला. लाईट गेली तर इथपर्यंत, असा अर्थ. तो हसत होता, मी नाही.

विजेची गोष्ट त्यामुळे या खाणीत वेगळ्याच पातळीवर जाते. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावरची. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण आटलं आणि सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. खाणींना वीज कापली तर उत्पादन घटतं, ते सगळीकडेच. कोंकोलात पंप थांबले तर खाणच जाते. कॉपरबेल्टच्या खाणींना वीज देणारी सीईसी ही कंपनी आणीबाणीसाठी स्वतःची टर्बाइन राखून ठेवते, ती याच भीतीपोटी.

कोंकोलाचा चार नंबरचा शाफ्ट, म्हणजे खाली उतरणारी उभी विहीर, सुमारे दीड हजार मीटर खोल आहे. ‘कोंकोला डीप’ या नावाने गाजलेला प्रकल्प तोच. खाली जे खनिज आहे, त्याला जगात तोड नाही असं म्हणणारे भूगर्भशास्त्रज्ञ मला भेटले आहेत. आणि ते काढताना केस पांढरे झालेले इंजिनिअरही.

मग आकार

कन्सान्शी उत्तर-पश्चिम प्रांतात, सोल्वेझी शहराच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर. कॉपरबेल्टच्या चिंगोलापासून रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटर. इथल्या काओंडे लोकांनी शतकानुशतकं हिरवा मॅलाकाइट खणून तांबं गाळलं. या सगळ्या पट्ट्यात तांब्याच्या फुलीच्या आकाराच्या लगडी चलनासारख्या फिरत. १८९९ मध्ये जॉर्ज ग्रे हा इंग्रज इथे पोचला. त्याने खाण ‘शोधली’ असं लिहायची पद्धत आहे. खरं तर त्याने लोकांचे जुने खड्डे पाहिले आणि त्यांच्याभोवती हद्दीचे खांब रोवले. हा ग्रे म्हणजे ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याचा भाऊ, पुढे १९११ मध्ये पूर्व आफ्रिकेत सिंहाच्या हल्ल्यात मेला.

नंतर ही खाण कितीदा उघडली आणि मिटली. १९५० च्या दशकात तिथेही भूमिगत काम झालं आणि तीही पाण्याने भरली. तेव्हा पाणी हा काही एकट्या कोंकोलाचा भोग नाही. फरक असा की कन्सान्शीला पुढच्या पिढीने खालून खणायचा नाद सोडला आणि वरून उघडलं. २००१ मध्ये कॅनडाच्या फर्स्ट क्वांटमने ८० टक्के हिस्सा घेतला, २० टक्के झेडसीसीएम-आयएच या सरकारी कंपनीकडे राहिला, आणि २००५ पासून व्यापारी उत्पादन सुरू झालं. आठ वर्षांत, २०१३ साली, वर्षाला अडीच लाख टनांच्या पुढे मजल गेली. एका काळी ती आफ्रिकेतली सगळ्यात मोठी तांब्याची खाण गणली जाई.

पुढे वरचा सोपा, ऑक्साइड दगड संपत आला आणि उत्पादन घसरून २०२३ मध्ये दीड लाख टनांच्याही खाली गेलं. अशा वेळी खाणी दोनच गोष्टी करतात, आवरतं घेतात किंवा आकार वाढवतात. इथे सुमारे सव्वाशे कोटी डॉलर घालून एस-थ्री हा नवा विस्तार झाला. वर्षाला २.५ कोटी टन दगड दळून त्यातलं तांब्याचं खनिज वेगळं करणारा नवा कॉन्सन्ट्रेटर २०२५ मध्ये चालू झाला. जुना-नवा मिळून वर्षाला ५.३ कोटी टनांची क्षमता. टनाला सहा-सात किलोच मिळणार असेल तर दगडाचे डोंगरच दळावे लागतात, दुसरा इलाज नाही.

कोळशाच्या ओपनकास्टमधून आलेल्या माणसाला हे जग लगेच ओळखीचं वाटेल. बेंच, रॅम्प, शॉव्हेल, डंपर, ओबी (खनिजावरची माती-दगड) आणि पाण्याचे टँकर. एक गोष्ट मात्र पहिल्यांदा पाहताना थांबायला होतं. भरलेला अवजड डंपर रॅम्पच्या पायथ्याशी येतो, टपावरचा पॅन्टोग्राफ मुंबईच्या लोकलसारखा वर जातो, वरच्या तारेला टेकतो आणि डिझेलचा घरघराट उतरून गाडी विजेवर चढाला लागते. रात्री लांबून पाहिलं की दिव्यांची माळ खड्ड्यातून वर सरकताना दिसते. यात डिझेल वाचतं आणि चढावरचा वेगही वाढतो. पण रॅम्पची आखणी तारेच्या हिशेबाने करावी लागते, आज इकडे आणि उद्या तिकडे चालत नाही. प्लॅनिंगमध्ये शिरायचं असेल तर शिकण्यासारखी जागा आहे.

मालक कोण, आणि किती दिवस

माझ्या मते पगाराच्या आकड्याआधी हे पाहावं.

१९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडांनी मतेरो इथल्या भाषणात खाणींत सरकारचा ५१ टक्के वाटा जाहीर केला. १९८२ मध्ये सगळ्या खाणी झेडसीसीएम या एका सरकारी कंपनीत आल्या. दवाखाने, शाळा, फुटबॉलचे क्लब, अगदी बल्ब बदलणंसुद्धा कंपनीकडे. जुनी माणसं अजून त्या दिवसांबद्दल हळवी होऊन बोलतात. पण तांब्याचा भाव पडत गेला, यंत्रं जुनी होत गेली आणि १९७० च्या सुमाराला सात लाख टनांवर असलेलं देशाचं उत्पादन २००० च्या आसपास अडीच लाखांवर आलं. मग खाणी विकल्या.

कोंकोला आणि चिंगोलाची न्चांगा या खाणी मिळून झालेली केसीएम ही कंपनी आधी अँग्लो अमेरिकनकडे गेली. दोन वर्षांत, २००२ मध्ये, तिने हात झटकले. २००४ मध्ये वेदान्तने ५१ टक्के घेतले, पुढे तो वाटा ७९.४ टक्क्यांवर नेला. मे २०१९ मध्ये गुंतवणुकीचं वचन पाळलं नाही असं म्हणत सरकारने केसीएमवर लिक्विडेटर, म्हणजे कंपनी गुंडाळणारा अधिकारी, बसवला. वेदान्तने ते अमान्य केलं आणि पाच वर्षं कोर्टकज्जे चालले. जुलै २०२४ मध्ये खाण पुन्हा वेदान्तच्या ताब्यात आली, सोबत पाच वर्षांत १२० कोटी डॉलर गुंतवण्याचं आणि स्थानिक देणेकऱ्यांची बाकी भागवण्याचं आश्वासन. परत ताबा मिळाल्यावर कामगारांना २० टक्के पगारवाढही ठरली.

म्हणजे २००० सालापासून पाहिलं तर एकाने सोडून दिलं, दुसऱ्याकडून काढून घेतलं आणि पुन्हा त्यालाच दिलं. आता डेव्हलपमेंटची कामं जोरात निघणार, भूमिगत अनुभवाची माणसं लागणार, हे खरं. पण यापूर्वीही ती दोनदा जोरात निघाली होती.

कन्सान्शीत दोन दशकांहून अधिक काळ एकच मालक. म्हणून तिथे सगळं निर्धास्त, असं समजू नका. २०१८ मध्ये झांबियाच्या करखात्याने फर्स्ट क्वांटमकडे ७९० कोटी डॉलरची मागणी केली होती, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा तिथला करार घटनाबाह्य ठरवल्यावर तिची सगळ्यात मोठी खाण बंद पडली. एका परीने झांबियातल्या माणसांना ते फायद्याचंच, कारण कंपनीचा सगळा भार आता कन्सान्शी आणि पश्चिमेच्या सेंटिनेल खाणीवर आहे. सरकारच्या २० टक्के हिश्श्याच्या लाभांशाऐवजी ३.१ टक्के रॉयल्टी असा करार झाल्याने, खर्च किती दाखवला यावरून दोघांचं रोजचं भांडणही मिटलं.

जीव

भाच्याच्या आईचा प्रश्न अर्थात हाच होता.

कॉपरबेल्टवर २५ सप्टेंबर १९७० ही तारीख कोणाला सांगावी लागत नाही. मुफुलिराच्या खाणीत वरच्या टेलिंग तलावाचा, म्हणजे तांबं काढून उरलेला, गाळ खचून भूमिगत कामात शिरला आणि ८९ माणसं गेली. पाणी आणि चिखल यांची जी सवय तिथल्या जुन्या मायनरांच्या अंगात आहे, ती त्या रात्रीपासूनची. दगडातून अचानक वाढलेली धार, बदललेला रंग, गढूळपणा, हे ते बोलता बोलता टिपतात. आपल्या ओव्हरमनच्या परीक्षेत हे एका परिच्छेदात असतं, तिथे रोज असतं.

ओपनपिटमध्ये धोका सहसा एवढा अचानक येत नाही. बाजू खचण्याआधी रडार सांगतं, आणि पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, रॅम्प निसरडे झाले की गाड्या थांबवता येतात. एकट्या माणसाच्या जिवाचा हिशेब केला तर ओपनपिट बरी, यात मला शंका नाही.

आणखी एक जोखीम असते, ती गावाची. चिंगोलाजवळच्या १,८२६ गावकऱ्यांनी नदीच्या प्रदूषणावरून केसीएम आणि वेदान्तवर लंडनमध्ये दावा लावला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो तिथे चालू शकतो असा निकाल दिला, आणि २०२१ मध्ये दायित्व मान्य न करता तडजोड झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये चांबिशीत एका चिनी कंपनीचा टेलिंगचा बांध फुटून आम्लाचं पाणी काफुएच्या खोऱ्यात शिरलं. पर्यावरणाचं काम हातात घेणार असाल तर कॉपरबेल्टमध्ये शिकायला भरपूर आहे आणि शिव्याही भरपूर.

पैसा, कागद, घर

इथे थोडक्यात, कारण दोन्हीकडे नियम एकच. झांबियात वरच्या टप्प्याचा प्राप्तिकर ३७ टक्के आहे, आणि २०२४ पासून तो महिना ९,२०० क्वाचांच्या (तिथलं चलन) वर लागतो. इंजिनिअरचा जवळपास सगळा पगार त्यात येतो. म्हणून एजंट जो आकडा सांगेल तो करापूर्वीचा की हातात येणारा, आणि डॉलरमध्ये की क्वाचांत, हे लेखी घ्या. आणि कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या, हेही. माझ्या वेळी एका कंत्राटदाराने माझे शेवटचे दोन महिने ‘हिशेब चालू आहे’ म्हणत लटकवले. तो हिशेब अजून चालूच आहे. कोंकोलात डेव्हलपमेंटची आणि कन्सान्शीतही बरीच कामं कंत्राटदारांकडून होतात, तेव्हा खाणीचं नाव मोठं म्हणून सही करू नका, सही कोणासमोर करताय ते पाहा.

डीजीएमएसचं, म्हणजे आपल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, मॅनेजरचं सर्टिफिकेट तिथे मान मिळवून देतं, अधिकार आपोआप देत नाही. इंजिनिअर म्हणून काम करायला एन्जिनिअरिंग इन्स्टिट्यूशन ऑफ झांबियाची नोंदणी लागते, आणि ब्लास्टिंगसारख्या जबाबदाऱ्यांसाठी किटवेच्या माइन्स सेफ्टी डिपार्टमेंटचा परवाना. डिग्रीच्या, मार्कलिस्टच्या प्रमाणित प्रती नागपूरहूनच घेऊन निघा, तिथून मागवण्यात जीव जातो.

राहणीचं म्हणाल तर चिलिलाबोम्ब्वे लहान गाव. कासुम्बलेसाच्या नाक्यावर काँगोत जाणाऱ्या ट्रकांची रांग मैलोन्‌मैल. पण खाणगावांची शंभर वर्षांची घडी आहे. ट्रस्ट शाळा, क्लब, आंब्याची झाडं, चिंगोला-किटवेला गुजराती दुकानं, जिथे तूरडाळ आणि हिंग मिळतो. ‘मुली शानी, मुक्वाई’ एवढं बेम्बा आलं की बाजारात भाव पडतो. सोल्वेझी खाणीमुळे वीस वर्षांत फुगलेलं शहर. घरभाडं चढं, रस्ते धुळीचे, भाषा काओंडे आणि मलेरिया जास्त. कंपनीच्या वसाहतीत जागा मिळाली तर सुखात राहाल, गावात भाड्याने राहावं लागलं तर कुटुंब नेण्याआधी सहा महिने एकट्याने काढा. जेवण दोन्हीकडे सारखंच, मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा, सोबत इफिसाशी, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी. वऱ्हाडच्या माणसाला ती पहिल्याच दिवशी आवडते.

स्मेल्टरवाल्यांसाठी एक ओळ. चिंगोलातल्या न्चांगाच्या स्मेल्टरमध्ये फ्लॅश फर्नेस थेट ब्लिस्टर, म्हणजे कच्चं तांबं, काढते, कन्सान्शीत वरून लान्स (हवा फुंकणारी नळी) सोडणारी आयसास्मेल्ट भट्टी आहे. दोन्ही तंत्रं वेगळी, दोन्हींना जगात मागणी. तुम्ही धातूचे असाल तर पाण्याची, मालकाची वरची सगळी चर्चा निम्मी विसरा आणि जी भट्टी आधी मिळेल ती पकडा.

भाच्याला काय सांगितलं

नुसता ओपनकास्टचा अनुभव असता तर विचार न करता कन्सान्शी म्हटलं असतं. जे येतं ते तिथे दसपट आकारात करायला मिळतं, आणि त्या आकाराचा अनुभव घेऊन माणूस चिली-पेरूपर्यंत कुठेही जाऊ शकतो. लग्न झालेलं, मूल लहान, घराचा हप्ता चालू, अशा कोणालाही हेच सांगेन.

पण त्याच्याकडे मलाजखंडचं दीड वर्ष आहे. आपल्याकडे तांबं आता खालून काढायची वेळ आली आहे, मलाजखंडची ओपनकास्ट स्वतःच भूमिगत होते आहे. खोल शाफ्ट, पाणी आणि खचणारा वरचा दगड, हे तिन्ही एकत्र शिकवणारी कोंकोलासारखी शाळा दुसरी नाही. तिथे तीन वर्षं टिकलेल्या माणसाला पुढे कोणी मुलाखतीत फार प्रश्न विचारत नाही. म्हणून त्याला म्हटलं, तू कोंकोला घे, पण तीन वर्षांचाच करार कर, घरचा सहा महिन्यांचा खर्च इथल्या बँकेत ठेवून जा आणि मालक बदलल्याची बातमी आली की भाषणं ऐकत बसू नकोस, परतीचं तिकीट आधी तपास.

त्याच्या आईला अजून कन्सान्शीच हवी आहे. तो परवा दुकानातून गमबूट घेऊन आला, गुडघ्यापर्यंतचे. तिने ते पाहिलेत की नाही, मला माहीत नाही.